राशीची पुली

चिखलीत ज्योतीराम मापाऱ्यासारखा हात कुणाचा नव्हता. सुगीत खळ्यावर ज्वारीची रास पडली की निरोप त्यालाच. अधोलीचं माप भरायचं, वरून हात फिरवून सपाट करायचं आणि पोत्यात ओतताना म्हणायचं, "लाभ." एक म्हणायचं नाही, एक म्हटलं की धान्याला शेवट लागतो म्हणे. लाभ, दोन, तीन असं चालायचं आणि शेवटचं पसाभर धान्य न मोजता जागेवर सोडायचं. ते राशीचं. सगळंच खरवडून नेलं तर पुढच्या साली रास येईल कशाला?

मग शेतं कारखान्यांत गेली आणि ज्योतीराम एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून लागला. वायसर काट्यावर जोखायचे, लोखंडी पुल्या मोजायच्या. टेम्पोतून पुल्यांचा ढीग फरशीवर पडला की हा समोर उकिडवा बसायचा. "लाभ, दोन, तीन..." जोडीला फारूक, पिंपरीच्या गॅरेजवाल्याचा मुलगा. तो पुल्या फळीवर चढवायचा आणि चेष्टा करायचा.

"मामा, एकाशी तुमचं काय भांडण झालंय?"

"तुला न्हाई कळायचं. तू आपला उचल."

फारूक पाठमोरा फळी रचत असायचा तोवर शेवटची पुली मात्र ज्योतीराम न मोजता मागच्या उंच झरोक्यात ठेवून द्यायचा. चोरीचा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, निदान घाबरला तरी असता! त्याच्या लेखी मोजलं ते कंपनीचं, न मोजलेलं ते राशीचं.

दर ढिगात एक पुली कमी भरू लागली. स्टोअरचे दामले साहेब आधी माल पाठवणाऱ्याशी भांडले, मग टेम्पो स्वतःसमोर रिकामा करून घेतला. पुली आतच नाहीशी होत होती. आत दोघेच. एक गळ्यात माळ घातलेला म्हातारा, दुसरा फारूक. साहेबांना फार विचार करावा लागला नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही.

शिफ्ट सुटताना फारूकला फाटकावर अडवलं. डबा उघडायला लावला. पहारेकऱ्याने उरलेल्या भाजीत बोट घालून पाहिलं. शर्ट काढायला लावला. मागे अख्खी रांग उभी.

"बापाच्या गॅरेजात जातात ना रे पुल्या?" साहेब म्हणाले.

रांगेत पाठीशीच उभ्या असलेल्या ज्योतीरामच्या तेव्हा ध्यानात आलं. पसाभर ज्वारी सोडली तरी रास रासच राहते, तिला दाणा दाणा कोण विचारतो? पुलीचं तसं नव्हतं. एक गेली की एक गेली. आणि ती आपण ठेवलीय, झरोक्यात.

फारूक वळला. "मामा, तुम्ही सांगा ना. दिवसभर बरोबर असता माझ्या."

आता तोंड उघडायचं की नाही? पण एवढी माणसं हसतील, अडाणी म्हणतील, नोकरीही जाईल. ज्योतीराम आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "मला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी फारूकला फाटकातूनच परत पाठवलं. तेवढं पाहिल्यावर मात्र ज्योतीराम स्टुलावर चढला आणि झरोक्यातल्या सगळ्या पुल्या पिशवीतून आणून साहेबांच्या टेबलावर ओतल्या. "साहेब, ह्या राशीच्या हायेत." लाभ, पसाभर धान्य, सगळं सांगितलं. दामले इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग चार जणांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. नोकरी गेली नाही. नाव तेवढं पडलं, लाभराव.

फारूकला निरोप गेला. तो आला, पण कामावर नव्हे, राहिलेला पगार घ्यायला. ज्योतीराम फाटकाशी थांबला होता.

"चुकलं बाबा माझं."

"पुल्यांचं मलाही हसूच आलं, मामा," फारूक म्हणाला. "पण मी उघडा उभा होतो आणि तुम्ही म्हणालात, मला काय ठावं." तो सायकलवर बसला आणि गेला.

त्या सुगीत कस्तुराबाईच्या उरलेल्या वावरातली रास मोजायला ज्योतीरामला बोलावणं आलं. तो बसला. अधोली भरली, सपाट केली, उचलली. शब्द ओठांवर आला आणि डोळ्यांपुढे तो उघडा डबा.

"एक," तो म्हणाला.

"अवं, असं काय म्हणता!" कस्तुराबाई दचकलीच.

ज्योतीरामने अधोली राशीवर पालथी घातली आणि गुडघ्यांवर हात देऊन उठला.

"दुसरा कुणी बघा, बाई. माझ्या तोंडचा लाभ आता बरा न्हाई."