छायाने फोन करून मिळवलेल्या लिंक्स

आधीच सांगतो, आमचं घर बौद्ध. नवस, उतारा, अंगात येणं — यातलं काहीही आमच्याकडे चालत नाही. त्यात मी कॉम्प्युटर शिकवून पोट भरणारा माणूस. असले किस्से कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. तरी आज हे लिहितोय... कारण हे माझ्या सख्ख्या पुतणीबद्दल आहे.

साल नव्व्याण्णव. जळगावात बसस्टँडजवळ पहिल्या मजल्यावर माझा क्लास होता. इंटरनेट एकाच मशीनवर, तेही फोनलाइन मोकळी असेल तर. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते आणि वहिनी अमळनेरला राहायचे. त्यांची छाया कॉलेजसाठी जळगावला माझ्याकडे होती.

छायाला सिकलसेल होता. रक्ताचा आजार, जन्मापासूनचा. हाडं दुखायला लागली की पोर उशी दातात धरून पडून राहायची. लहान होती तेव्हा शेजारपाजारचे म्हणायचे, हे बाहेरचं आहे. गावातले डॉक्टर म्हणायचे, वात आहे. नेमकी तपासणी व्हायला फार उशीर झाला.

म्हणूनच तिने वेबसाइट काढली. तेव्हा अशा साइटला फुकट जागा मिळायची. पहिल्याच पानावर मोठं वाक्य होतं — 'हे बाहेरचं नाही, रक्तातलं आहे.' मराठी फॉन्ट समोरच्याच्या मशीनवर असेलच याचा भरवसा नसायचा, म्हणून ती कागदावर हाताने लिहायची, स्कॅन करायची आणि ते चित्र साइटवर टाकायची. काय खायचं, कळ आली की काय करायचं, कोणती तपासणी मागायची... सगळं साध्या भाषेत.

पण साइट कोणाला सापडायचीच नाही. आम्ही दोघं सर्च करून बघायचो, पानामागून पान उलटायचो. आमचं नाव कुठेच नाही.

"काका, सर्चला चित्रातली अक्षरं वाचता येत नाहीत," एकदा ती म्हणाली. "दुसऱ्या साइट्सनी आपली लिंक द्यायला पाहिजे. चार चांगले लोक आपल्याकडे बोट दाखवायला लागले, की सर्चसुद्धा आपल्याला वर घेईल."

"मग माग ना लिंक."

"मागतेय हो. कोणी उत्तरच देत नाही."

खरंच नाही दिलं. आरोग्यावरच्या साइट्स, डॉक्टर, विद्यार्थ्यांचे ग्रुप — तिने किती जणांना ईमेल केल्या असतील! दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला असतानाही मास्क बाजूला करून विचारायची, "आलं का काही?" मी नाही म्हणून मान हलवायचो. पावसाळा संपता संपता छातीत इन्फेक्शन झालं आणि ती गेली. एकोणीस वर्षांची होती.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. मी क्लासमध्ये परत आलो. ती साइट काढून टाकावी असं मनात यायचं, पण हात धजला नाही.

थंडी पडायला लागली होती. एका दुपारी मेल उघडली तर धुळ्याच्या एका डॉक्टरांचं पत्र. रक्ताच्या आजारांवर त्यांची स्वतःची साइट होती. लिहिलं होतं — 'काल छायाताईंशी फोनवर बोलणं झालं, त्याप्रमाणे तुमची लिंक टाकली आहे.'

मला वाटलं, जुनी मेल असेल. तारीख बघितली. त्याच दिवशीची होती. साइट उघडून पाहिली... लिंक होती.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका विद्यार्थ्याची मेल आली. मजकूर तोच. छायाचा फोन आला, लिंक टाकली. मग नाशिकहून एकाची.

कोणीतरी क्रूर थट्टा करतंय, हाच माझा पहिला विचार. तिच्या मैत्रिणींना विचारलं. त्या बिचाऱ्या रडायलाच लागल्या. अमळनेरला जाऊन आबांना सांगितलं तर ते संतापले. "मेलेल्या पोरीच्या नावाने कोण फोन करतंय, त्याला शोध आणि माझ्यापुढे उभा कर!" म्हणाले. वहिनी आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, माले धुळाले ली चाला."

मी एसटीने त्यांना घेऊन धुळ्याला गेलो. डॉक्टर भला माणूस. छाया गेली हे ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "अहो, पण दुपारी ओपीडी संपताना इथे, याच फोनवर फोन आला. मला म्हणाली, मेलला उत्तर नाही दिलं तुम्ही, म्हणून फोन केला. मला लाजच वाटली. आणि ठेवताना म्हणाली, 'पाणी पीत जा हं.' मला, डॉक्टरला! मी हसलो."

मी वहिनींकडे बघितलं. सिकलसेलच्या पेशंटला सारखं पाणी प्यावं लागतं. आम्ही दिवसभर तिच्या मागे लागायचो, म्हणून ती चिडवायला निरोप घेताना सगळ्यांना तेच सांगायची. घरच्यांशिवाय हे कोणाला माहीत असणार?

वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. तो काढून त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ती बोले तवय तिले धाप लागी राहिंती का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे. "नाही अक्का. अजिबात नाही. मोकळं बोलत होती. मध्ये हसलीसुद्धा."

वहिनी तिथेच रडल्या. तिच्यामागे एवढ्या मोकळ्या रडल्या त्या पहिल्यांदाच.

त्यानंतर आणखी दोन-तीन लिंक्स आल्या आणि मग सगळं थांबलं. पण साइट वर आली होती. सिकलसेल आणि खानदेश असं टाकलं की पहिल्या पानावर दिसायची. नंदुरबारकडच्या आश्रमशाळेतल्या एका शिक्षकांनी ती वाचून मुलांची रक्ततपासणी करून घेतली आणि तसं मला कळवलं. ते वाचताना सवयीने मी शेजारच्या खुर्चीकडे वळलो, तिला दाखवायला.

फोन कोणी केले? धुळ्याच्या टेलिफोन ऑफिसात ओळख काढून विचारलं, हाती काही लागलं नाही. कोणी म्हणतं मैत्रीण असेल, कोणी म्हणतं त्या लोकांना तारखा नीट आठवत नसतील. असेल. मला पटत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही.

पण वहिनींचा प्रश्न वेगळाच होता. धुळ्याहून परत येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिनी बठ्ठासले फोन कया. माले का बरं नही कया?"

"वहिनी, आपल्या घरी फोन कुठे आहे?" मी म्हणालो. तोंडात आलं ते बोलून गेलो.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी आबांना फोनसाठी अर्ज करायला लावला. पुढच्या वर्षी अमळनेरच्या घरात फोन लागला. त्या दिवशी खुशाली विचारावी म्हणून मी जळगावहून नंबर फिरवला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता.

"कोन?... छाया?"

"मी शे वहिनी. सुधाकर."



"हां," त्या म्हणाल्या. "बोला, भाऊ."