वेटिंग दोनचा फ्लेक्स

"मॅडम, माझा फ्लेक्स लागला!" रोहिणी फोनवर रडत होती.

सोमवारची सकाळ, दहाचा सुमार. मी नगरच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि करिअर गायडन्स सेल बघते. सेल म्हणजे मी, एक कपाट आणि लहर असेल तेव्हा चालणारा प्रिंटर. फ्लेक्स लागला म्हणून रडणारी मुलगी मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या जिल्ह्यात दहावी पास झालं, सोसायटीवर निवडून आलं, नवा ट्रॅक्टर घेतला, कशाचाही फ्लेक्स लागतो आणि माणसं खूश होतात.

तिनं फोटो पाठवला. अकोले तालुक्यातल्या तिच्या गावच्या फाट्यावर भला थोरला फ्लेक्स. शुभेच्छुक म्हणून सव्वीस चेहरे, आणि त्यात सगळ्यात लहान फोटो रोहिणीचा. ठळक अक्षरात मजकूर: 'बंगळुरू येथे पीएच.डी.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शनिवारी सकाळी अकरा वाजता मारुतीच्या देवळासमोर जाहीर सत्कार.

घोटाळा एवढाच होता, की तिची बंगळुरूला निवड झालेली नव्हती.

रोहिणी माझी एम.एस्सी.ची जुनी विद्यार्थिनी. भाताच्या गावरान वाणांवर तिला संशोधन करायचं होतं. दोन संस्थांमध्ये तिनं मुलाखती दिल्या. हैदराबादच्या संस्थेनं ऑफर दिली. ऑफर म्हणजे जागा तुमची, पण अमुक तारखेच्या आत 'हो' कळवा, नाहीतर ती दुसऱ्याला जाते. तिची मुदत होती शुक्रवार, संध्याकाळी पाच. बंगळुरूच्या संस्थेचं नाव जास्त मोठं. तिथं ती वेटलिस्टवर होती, दुसऱ्या नंबरला.

वर आणखी एक भानगड. रोहिणीला जेआरएफ मिळाली होती, म्हणजे परीक्षा पास झाल्यावर संशोधनासाठी सरकारकडून मिळणारी फेलोशिप. ठरावीक मुदतीच्या आत कुठंतरी जॉइन झालं तरच ती सुरू होते. मध्ये दोन वर्षं तिनं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, त्यामुळे मुदत याच सत्रात संपत होती. दोन्ही जागा हुकल्या तर फेलोशिपही हातची जाणार.

"अगं, पण फ्लेक्स लावला कोणी?"

"दत्तूकाकांनी. त्यांनी विचारलं, कितवा नंबर हाय? मी म्हटलं, वेटिंग दोन. ते म्हणाले, दोन म्हंजे झालंच की! आणि आता म्हणतात, हैदराबादला नाही कळवून टाक. फ्लेक्सवर एक आणि पोरगी दुसरीकडंच, असं कसं दिसंल?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही." पुन्हा रडणं.

दत्तूकाका तिचे सख्खे चुलते, ग्रामपंचायत सदस्य. घरात त्यांचा शब्द शेवटचा. पण हिला एम.एस्सी.पर्यंत शिकवायचा हट्टही त्यांचाच होता, त्यामुळे तिला त्यांचं मन मोडवेना. मला मात्र संताप आला होता. पुतणीच्या अख्ख्या करिअरपेक्षा फ्लेक्स मोठा! गुरुवारी कोर्टाच्या तारखेला ते नगरला येणार होते. मी म्हटलं, त्यांना घेऊन सरळ कॉलेजात ये.

आले. पांढरा शर्ट, टोपी, हातात माझ्यासाठी नव्या भाताच्या तांदळाची पिशवी. भांडायच्या तयारीत बसलेल्या माणसाला कुणी तांदूळ दिला की पंचाईत होते.

"मॅडम, तुमी उगी घाबरताय," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "मी लई वेटिंगवर प्रवास केलाय. वेटिंग एकोणीस हुतं, तरी दिल्लीपतूर झोपून गेल्तो. हे तर दोनच हाय."

"दत्तूभाऊ, रेल्वेत बर्थ किती असतात?"

"आसतील की हजारभर."

"म्हणून तुमचं तिकीट कन्फर्म झालं. हजारातले वीस जण तिकीट रद्द करतातच. इथं रोहिणीच्या विषयाला जागा आहेत दोन. पीएच.डी.ला एकेका गाइडकडं एखाददुसरीच जागा असते. त्या दोघांपैकी कुणी सोडली तर वेटिंग एक आत जाणार. दोघांनीही सोडल्या, तरच आपली रोहिणी."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, पटलं.

"मंग आसं करू," ते म्हणाले. "तिथला टीसी कोन हाय ते सांगा. आमदार सायबांचं पत्र आनतो."

रोहिणीनं कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना. मी सरळ बंगळुरूच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या बाईंनी स्वच्छ हिंदीत सांगितलं, की दोन्ही जागांवर मुलांनी होकार कळवलाय, यादी पुढे सरकेल की नाही ते जॉइनिंगपर्यंत सांगता येणार नाही, आणि हातात दुसरी ऑफर असेल तर मुलीनं ती सोडू नये.

दत्तूभाऊंनी ते नीट ऐकलं. टोपी परत डोक्यावर चढवत म्हणाले, "बाई खरं बोलती. पन मी गावाला काय सांगू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रोहिणी बोलली. "काका, सगळ्यांना सांगा की मी हैदराबादला चालले. मी आत्ता हो कळवते. तुम्ही रागावलात तरी कळवते."

आणि माझ्याच कॉम्प्युटरवर बसून तिनं 'ॲक्सेप्ट'वर क्लिक केलं. काकांनी वाकून स्क्रीनवर नीट बघितलं. मग म्हणाले, "प्रिंट काढ त्याची. फ्लेक्सवाल्याला दाखवाया लागंल."

प्रिंटरला त्या दिवशी लहर होती. फ्लेक्सवाल्यानं बंगळुरूवर हैदराबादची पट्टी चिकटवली. शनिवारी शाल, नारळ, फेटा सगळं यथासांग झालं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण आधीच लिहून झालेलं, त्यामुळे ते शेवटपर्यंत बंगळुरूचंच कौतुक करत राहिले आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण तीन आठवड्यांनी, हैदराबादला निघायच्या आठवडाभर आधी, रोहिणी पुन्हा सेलमध्ये हजर झाली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. बंगळुरूहून मेल होता. दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. 'आपल्याला प्रवेश देण्यात येत आहे, अठ्ठेचाळीस तासांत कळवा.'

मी खुर्चीतून उठलेच! "अगं बघतेस काय? घे! हैदराबादची जागा अजून सोडता येते, नियमात बसतंय."

"नको मॅडम."

"नको?"

"हैदराबादच्या माझ्या गाइड मॅडमशी मी दोनदा बोललेय. त्यांनी विचारलं, तुझ्या घरी कुठले वाण आहेत? मी काकांच्या शेतातले चार सांगितले. त्या म्हणाल्या, बी घेऊन ये, त्यावरच काम करू. बंगळुरूला मुलाखतीत सांगितलं होतं, विषय आम्ही देऊ."

मी तिला संस्थेचं नाव सांगितलं, पुढच्या नोकऱ्या सांगितल्या, शेवटी चिडलेसुद्धा. पोरगी हलली नाही. महिन्यापूर्वी काकांपुढे तोंड न उघडणारी हीच ती, आणि आता मला गप्प करत होती. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटत होता आणि रागही येत होता.

"बरं, निदान दोन दिवस थांब," मी म्हटलं. "विचार कर, मग कळव." इतकी वर्षं मी सगळ्या मुलांना हेच शिकवत आले होते, की जागा शेवटच्या मिनिटापर्यंत धरून ठेवा, काही बिघडत नाही.

"ते मी बाहेरच कळवून आले, मॅडम. नको म्हणून."

"इतक्या घाईनं?"

"वेटिंग तीनवर कोणीतरी आहे ना," रोहिणी म्हणाली. "ती रोज सकाळी मेल उघडून बघत असेल. मी बघायचे तशी. तिला माझ्यासाठी दोन दिवस कशाला थांबवायचं?"

वेटलिस्टचे नियम मला तोंडपाठ होते, पण त्या यादीत खाली कोण बसलंय याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

रोहिणी आता दुसऱ्या वर्षाला आहे, काम छान चाललंय. दत्तूभाऊ अजूनही सांगतात की वेटिंग दोन कन्फर्म झालंच हुतं. ते खोटं नाही.

आणि मी मुलांना आता पहिल्याच दिवशी सांगते, की हातची ऑफर सोडू नका, पण जी जागा नको असेल तिला त्याच दिवशी नाही कळवा. मुलं माना डोलावतात आणि बहुतेक जण शेवटच्या दिवशीच कळवतात. दोघं-तिघं मात्र त्याच दिवशी कळवतात.