डावा कान

काल लेक मोबाइलवर वाचून दाखवत होती. पापुआच्या डोंगरात एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा काही भाषा आहेत, आणि त्या बोलणारी माणसं अंगावर मोजतात. बोटं, मनगट, कोपर, खांदा, कान, नाक, मग पलीकडची बाजू. ऐकता ऐकता माझा हात डाव्या कानाकडे गेला.

लग्न लागून बिलोलीहून मुखेडला निघालो होतो. मी जीपमध्ये मुसमुसत बसलेली, अंगाला हळदीचा वास. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आतेसासूबाई वऱ्हाड मोजत होत्या, अगदी अशाच, उजव्या हाताच्या बोटांपासून. येताना मोजणी नाकावर संपली होती. आता ती डाव्या कानावर गेली.

"आरं, एक माणूस जास्ती हाय! कुणाचं उचलून आणलं?"

पुन्हा मोजलं. पुन्हा कान. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून बघू लागला.

"आत्या, नवरी हाय की ती," हे लाजत पुटपुटले.

सगळी जीप हसली. रडता रडता मीही हसले. आत्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या कानाला लावला. "घे पोरी, ह्यो कान तुझा."

पुढं कुठंही निघालो, तरी तो कान चाचपल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलू दिली नाही.