आवाजाला इस्त्री

त्या यंत्राला घरात 'इस्त्री' हे नाव पडलं ते भावोजींमुळे. यंत्र नुकतंच आलं होतं आणि कानसेन ते मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवत होता. मास्टरिंग म्हणजे काय हे समजावताना त्याच्या तोंडाला फेस आला होता. गाणं रेकॉर्ड झालं, सगळी वाद्यं एकमेकांत नीट बसली, तरी लोकांपुढे जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवावा लागतो. फार मोठं झालं असेल ते दाबायचं, बारीक राहिलं असेल ते उचलायचं, खरखर झाकायची, चमक आणायची. भावोजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, चष्म्याचं दुकान. कुठलीही वस्तू लांब-जवळ करून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. त्यांनी त्या चपट्या काळ्या पेटीकडे, तिच्या खुंट्यांकडे आणि लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे तसंच पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे इस्त्री की! कपडा तोच, सुरकुत्या गायब." सगळे हसले. ताई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

कानसेन हे नावही असंच चिकटलेलं, आणि ते मोठ्या बहिणीने, ताईने दिलेलं. ती गायची आणि हा ऐकायचा, अशी कामाची वाटणी लहानपणीच झाली होती. आई लवकर गेली. मग त्याचे डबे, त्याचे ताप, त्याच्या परीक्षा हे सगळं ताईच्या अंगावर आलं आणि तिचं गाणं शिकणं मागे पडलं. पुढे वडिलांना त्याला कचेरीत चिकटवायचं होतं आणि ह्याला वायरी जोडण्यापलीकडे कशातच रस नव्हता, तेव्हाही भांडली ती ताईच. दोन दिवस जेवली नाही. शेवटी वडील म्हणाले, "जाऊ दे त्याला, पण तू जेव." तिचं स्वतःचं गाणं सुरू झालं ते पुष्कळ उशिरा, मुलं मोठी झाल्यावर. पण सुरू झालं आणि लोकांना आवडलं. छोट्या सभागृहांतून तिला बोलावणी येऊ लागली. तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला ध्वनियंत्रणेवर हा बसायचा. दुसऱ्या कुणाला बसू दिलं असतं तर ना!

त्याचा स्टुडिओ टायरच्या दुकानावर होता. खाली कुणाच्या चाकात हवा भरली की वर गाणाऱ्याने थांबायचं, हा तिथला नियम. आठवडाभर तो इथे काम करी आणि सुट्टीच्या दिवशी तीच इस्त्री कडक पेटीत घालून सभागृहात नेई. गाडीच्या डिकीत ती कधी ठेवली नाही. सारा रस्ता मांडीवर. बायको म्हणायची, "आपल्या पोरांनासुद्धा असं कधी घेऊन बसला नाहीत हो." तो म्हणायचा, "पोरं आपटली तरी रडून मोकळी होतात. ही आपटली तर मी रडायचा."

अशाच एका कार्यक्रमात त्याला पहिल्यांदा ते ऐकू आलं. ताई वरच्या सुरावर गेली आणि हेडफोनमध्ये एक बारीकशी खरखर आली. जुनी चादर एखाद्या जागी विरते ना, तशी. आधी त्याला वायरीचा संशय आला. मध्यंतरात वायर बदलली, मग माईक बदलला. खरखर होतीच. तेव्हा त्याला कळलं की ती ताईच्या गळ्यात आहे.

कळल्यावर त्याने काय केलं? हाताला सवय होती तेच केलं. ते यंत्र खरं तर सगळ्या गाण्यासाठी, शेवटी लावायचं; त्याने ताईचा एकटीचा आवाज त्यातून फिरवला. जिथे खरखर होती तो पट्टा दाबला, वर थोडी चमक घातली, सुराची शेपटी जरा उचलून धरली. आवाज सुरेख झाला. कार्यक्रमानंतर लोक ताईला म्हणाले, आज तर कमाल केलीत. आणि हा गडी वायरी गुंडाळत कोपऱ्यात खूश! आपण ताईच्या उपयोगी पडलो, असं त्याला वाटत होतं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर घरी जाताना सहज म्हणाला असता, ताई, घसा दाखवून घे. पण दुसऱ्या कुणाला ते ऐकूच आलं नसतं. ज्याला आलं त्याने कानामागे टाकलं.

ते सेटिंग त्याने यंत्राच्या स्मृतीत 'ताई' नावाने ठेवलं. दर काही महिन्यांनी खुंटी थोडी पुढे सरकायची. फार नाही, केसभर. केसभराला कोण विचारतो?

एकदा मात्र तिने विचारलं. दुपारची वेळ, सभागृह रिकामं, एक माणूस खुर्च्या मांडत होता आणि ताई माईक तपासून बघत होती. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी एक स्पीकर ठेवलेला असतो. त्यात तोपर्यंत तिचा मूळचाच आवाज जायचा. एक ओळ म्हणून ती थांबली.

"अरे, माझा आवाज जाड येतोय का रे?"

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. पण मंचावर उभ्या असलेल्या ताईचा चेहरा त्याला दिसत होता. ती नव्या साडीचा पदर सारखा करत होती, संध्याकाळसाठी.

"हॉलचा दोष आहे, ताई. थांब जरा."

आणि त्याने तिच्या पायाशी असलेल्या स्पीकरमध्येही इस्त्री केलेलाच आवाज सोडला. तिने तीच ओळ परत म्हटली आणि तिचा जीव भांड्यात पडला. "हां! आता कसं!" ती म्हणाली.

त्या दिवसापासून ताईला स्वतःचा खरा आवाज मंचावर कधी ऐकूच आला नाही. घरी सकाळी गाताना आवाज बसलेला वाटायचा, पण संध्याकाळी माईकपुढे उभी राहिली की मोकळा. मग तिने आपली समजूत घालून घेतली. भावोजींना म्हणायची, "माझा घसा मानी आहे हो. समोर माणसं असल्याशिवाय सुटत नाही." भावोजी म्हणायचे, "मग मी काय खांब आहे का?"

कानसेन हे ऐकायचा आणि मूग गिळून बसायचा. त्याने स्वतःला पुष्कळ कारणं दिली. इतक्या वर्षांनी मिळालंय तिला, कशाला हिरावून घ्यायचं. वय झालं की थोडं व्हायचंच. आणखी एक कारण होतं, ते तो स्वतःशीही उच्चारत नसे. जिने त्याला उभं केलं, तिला आता आपण उभं धरलंय, हे त्याला मनातून आवडत होतं.

मग एका वाचनालयाच्या सभागृहात ताईचा कार्यक्रम ठरला आणि नेमकं त्याच दुपारी स्टुडिओत पुढे ढकलता न येणारं रेकॉर्डिंग आलं. त्याने आपल्या जागी स्पीकर भाड्याने देणाऱ्या मित्राला पाठवलं. इस्त्री स्टुडिओतच राहिली.

संध्याकाळी ताईचा फोन. "तुझ्या त्या मित्राला परत पाठवू नकोस हं. माझ्या आवाजाची पार वाट लावली त्याने. वरचा सूर लागला की नुसतं फाटत होतं. लोक काय म्हणाले असतील?"

"नाही पाठवणार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मित्र स्वतःच जिना चढून वर आला. खाली हवा भरणं चालू होतं, ते थांबेपर्यंत दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "राग मानू नकोस, पण मी काही केलेलं नाही. खुंटीला हातसुद्धा लावला नव्हता, आहे तसा आवाज सोडला होता. तुझ्या ताईंना डॉक्टरकडे ने." जाता जाता वळून म्हणाला, "मला एक कळत नाही. मला एका दिवसात ऐकू आलं ते तुला कसं आलं नाही रे?"

आठवड्याच्या आत कानसेन ताईला घेऊन घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. भावोजी दुकान बंद करून बरोबर आले. ताईला यायचंच नव्हतं, पण भाऊ म्हणतोय म्हणून आली.

"त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्या वाचनालयातल्या कार्यक्रमापासून. आठवडा झाला असेल," ताई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. "ह्याला विचारा. ह्याच्या कानांतून काही सुटत नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "हो. आठवडाच."

मग त्यांनी घशात नळीचा कॅमेरा घातला आणि समोरच्या पडद्यावर दाखवलं. गळ्यातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करत होत्या आणि एकीच्या कडेला गाठ होती. गाठ वाईट नाही, त्या म्हणाल्या, जिवाला धोका नाही. भावोजींनी मोठा श्वास सोडला. "पण ही आठवड्याची नाही," बाई पुढे म्हणाल्या. "दीड-दोन वर्षांची असेल. घट्ट झालीय. सुरुवातीला आला असता तर नुसत्या विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने बसली असती. आता काढावी लागेल. बोलणं नीट राहील. गाण्याचं, विशेषतः वरच्या सुरांचं, मी वचन देत नाही."

"पण मला कळलं कसं नाही?" ताईने विचारलं. आधी बाईंना, मग भावोजींना, मग त्याला. तो पडद्याकडे बघत राहिला. पडदा बंद झाला होता.

ऑपरेशन झालं. डॉक्टर सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असा हुकूम होता. ताई मानेने हो-नाही म्हणायची, टाळी वाजवून हाक मारायची. भावोजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा असतो." ताई त्यांच्यावर उशी उगारायची.

ह्याच दिवसांत कानसेनने तिला सगळं सांगितलं. दुपार होती, भावोजी दुकानात होते, ताई मटार सोलत बसली होती. त्याने पहिल्या खरखरीपासून सुरुवात केली. वायर बदलली, माईक बदलला, खुंटी फिरवली, पायाशी असलेला स्पीकर, हॉलचा दोष, डॉक्टरांपुढे बोललेलं खोटं. काही ठेवलं नाही. तिचे हात एकदा थांबले आणि परत चालू झाले. शेंगा संपेपर्यंत तिने वर पाहिलं नाही. मग भांडं उचलून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

जिना उतरताना त्याला स्वतःची शिसारी आली. उत्तर ऐकावं लागणार नाही अशी वेळ त्याने हेरली होती. इतके दिवस ताईला तिचा आवाज ऐकू दिला नाही, आणि कबुली द्यायची तीसुद्धा तिचा आवाज बंद असताना.

नंतर तो तिकडे फिरकला नाही. स्टुडिओत एक दिवस रागाच्या भरात त्याने इस्त्रीची वायर उपटून ठेवली. जाहिरातीचं गाणं न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, हे काय, एकदम मेंगळट वाटतंय. त्याने वायर परत जोडली. बिचाऱ्या यंत्राचा काय दोष? फिरवाल तसं ते फिरणार.

मग एका सकाळी भावोजींचा फोन आला. बोलायला परवानगी मिळालीय. "अजून कोणाशी फारसं बोललेली नाही. तुला बोलावलंय." फोनवर त्यांनी एकही विनोद केला नाही.

तो गेला तेव्हा भावोजी चपला घालून तयारच होते. दुकानात काम आहे म्हणून निघून गेले. ताई खिडकीपाशी बसली होती.

"बस," ती म्हणाली.

आवाज ओलसर होता, कडा नसलेला. तो बसला.

"ऐकू येतोय?"

"येतोय."

"मग कसा आहे ते सांग."

"ताई, मी..."

"भावाला नाही विचारत मी. गाणाऱ्या बाईने साउंडवाल्याला विचारावं तसं विचारतेय." आणि तिने सूर लावला. खालून हळूहळू वर चढत गेली. खाली आवाज होता. मध्यावर त्यात हवा मिसळू लागली. वरच्या सुराच्या जागी तिचं तोंड उघडं होतं, मान ताठ होती आणि नुसता श्वास येत होता. तिने तो पुरा होईपर्यंत धरला, मग तोंड मिटलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

तिथे ना यंत्र होतं, ना स्पीकर, ना हॉल.

"खालचा चांगला आहे," तो म्हणाला. "मधल्यात हवा जाते, ती मेहनतीने कमी होईल. वरचा नाही, ताई. वरचा गेलाय. येईल असं मला वाटत नाही."

ताईने मान हलवली.

"एवढंच," ती म्हणाली, "एवढंच सांगायचं होतंस रे तेव्हा."

ती रागावून म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं.