कुंकवाखालचा चेहरा

पुण्याहून निघताना प्रकाशकांनी बजावलं होतं, "तुमच्या त्या सखाराम खटावकराचा एकही फोटो मिळाला नाही, तर मूकपटांच्या पुस्तकातलं त्याचं प्रकरण गाळणार." गाळणार म्हणे! अहो, बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, तेव्हा आमच्या ह्या सातारकराने मूकपटांत देवीची कामं केली. मीही साताऱ्याचाच. हट्टाने गाडीत बसलो.

साताऱ्यात तंबूत सिनेमा दाखवणारे उस्मानभाई भेटले. जुन्या फिल्मा विचारल्या, तर म्हणाले, "आवं, त्या कवाच (केव्हाच) बांगडीवाल्यांनी नेल्या. वितळवून बांगड्या केल्या. खटावकरांची निम्मी कामं बायकांच्या हातावर फुटली बघा!" मी वही मिटली. ते बघून त्यांनीच वाट दाखवली, "त्यांची मंडळी सांगलीजवळ माधवनगरला खानावळ चालवत्यात. जावा तिकडं."

महायुद्धामुळे पेट्रोल नव्हतं. स्टेशनापर्यंतची मोटार कोळशावर चालणारी. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. गाडी मिळाली, पण माझं पांढरं धोतर गेलं ते गेलंच.

माधवनगरला खानावळ शोधावी लागली नाही. गिरणीचे कामगार रांगेने आत शिरत होते. हात धुऊन जो तो कोनाड्यातल्या देवीच्या तसबिरीला नमस्कार करी आणि मगच पाटावर बसे. मीही केला. भाकरी, अख्खा मसूर आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) असा बेत होता. डोळ्यांतून पाणी आलं, तरी तीन भाकरी हाणल्या.

भोंगा झाला, पंगत उठली. मी यमुनामावशींना, म्हणजे खटावकरांच्या पत्नीला, फोटोचं विचारलं. त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं.

"ह्येच की."

"ही तर देवी!"

"देवीचं काम करतानाचा फोटू हाय. लुगडं नेसतो म्हणून भावकीनं ह्येंच्या मयताला खांदा दिला न्हाई. तवाच ठरवलं, लोकांस्नी ह्येंच्या पाया पडाय लावीन. बारा वर्सं पडत्यात, गिरणीतला माणूस न् माणूस!"

मला हसू आलं आणि रडूही. काय बाई आहे!

लगेच सांगलीहून टांग्यात घालून फोटोग्राफर आणला. त्याने तसबीर उजेडात धरली. काचेवर कुंकवाचा जाड थर बसलेला. "फोटोत तांबडं काळं उमटतं. कपाळ आणि एक डोळा जाणार," असं म्हणत त्याने ओलं फडकं उचललं.

मावशींनी त्याचं मनगट धरलं. "हात लावू नगा. ह्ये गेले तवा बायकांनी माझं कुंकू पुसलं. मला लावता येत न्हाई, म्हणून रोज ह्येंस्नी लावते. ह्ये कोण पुसतंय, बघतेच मी!"

खरं सांगतो, क्षणभर माझीच नजर त्या फडक्यावर गेली. अख्खं प्रकरण त्या काचेखाली अडकलं होतं. मग माझीच मला लाज वाटली.

"आहे तसाच काढा," मी म्हणालो. "पण मावशी, पुस्तक निघालं की सगळ्यांना कळेल, ही देवी नव्हे."

"कळंना का! नाव ठळक घाला त्येंचं. एकदा पाया पडलं, ते काय माघारी घेता येतंय व्हय?"

पुण्यात प्रकाशकांनी फोटो निरखला. "एक डोळा आणि ओठ, एवढंच दिसतंय. हा काळा डाग कसला?"

"डाग नव्हे, कुंकू आहे," म्हणालो आणि सगळी हकिकत सांगितली. त्यांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, "अख्खं पान देतो." फोटो टेबलावर ठेवण्याआधी त्यांनी तो नकळत कपाळाला लावला.

साताऱ्याच्या मातीचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. त्याच दिवशी माधवनगरला कार्ड टाकलं: "मावशी, पुण्यातही एक पाया पडला."