तांडेलमामाचा फोन

तोंडवलीत तांडेलमामाची होडी किनाऱ्याकडे वळली की बाकीच्या होड्याही वळत. का, असं कोणी विचारत नसे. होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा, आणि माझा हा मामा तर इतका अबोल, की जाळं ओढायचं झालं तरी नुसता हात वर करी. एवढं सगळं एकटा कसा ठरवतोस, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "थंय पाण्यात इचारुक कोण आसा?"

मग मामाच्या मुंबईच्या मुलाने त्याला मोबाइल पाठवला आणि विचारायला अख्खं गाव मिळालं. मामीने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या गळ्यात बांधला. मासळीचा व्यापारी सांगे, मालवणला ये. मामी सांगे, आधी घरी ये. दुसरा तांडेल सांगे, इकडे बांगडा आहे. मामा सगळ्यांचं ऐकून जागा बदलत राही आणि हात हलवत परत येई. आम्ही त्याची थट्टा करायचो. मला मात्र त्या थट्टेत आतून धास्ती वाटायची, कारण हा माणूस कधी कोणाला काही विचारणारा नव्हता.

नारळीपौर्णिमेनंतरच्या एका दुपारी त्याने मला फोन केला.

"बाय, दक्षिणेक काळां दिसता. जाळां वडू काय?"

मला समुद्रातलं काय कळणार? तरी मी शहाणपणा केला. बाहेर गेलेल्या दोन होड्यांवर फोन लावले. कोणीही परतायला निघालं नव्हतं. मी मामाला कळवलं, "सगळे थंयच आसत. तू पण रव."

ते का थांबले होते, हे नंतर कळलं. मामाची होडी अजून वळली नाही, म्हणून.

तासाभरात वारा सुटला. मामी आणि मी वाळूत उभ्या राहून फोन लावत होतो. तो लागतच नव्हता. एकेक होडी येत गेली, तसा माझा जीव अधिकच घाबरा झाला. मामाची होडी सर्वांत शेवटी आली, इंजिन बंद पडलेली, दुसऱ्या होडीने ओढत आणलेली. एका खलाशाचा हात मोडला होता.

दुसऱ्याच दिवशी मामाने होडी धाकट्या भावाच्या हवाली केली. हे सगळं माझ्यामुळे झालं, असं म्हणून मी रडले. तो म्हणाला,

"तुका खंय म्हायत होतां, बाय. माका म्हायत होतां. तरी मी इचारलंय."