घानाच्या समस्या, आमच्या घरी

मुलीच्या शाळेतून फर्मान निघालं: प्रत्येकानं आपला नसलेला एक देश निवडून चार्ट करायचा. रकाने ठरलेले. भूगोल, अर्थव्यवस्था, संस्कृती, समस्या. मुलीनं आणि तिच्या मैत्रिणीनं आपसात देश बदलून घेतले. मैत्रीण डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, आईबाप घानाचे. तिनं भारत घेतला, आमच्या बाईसाहेबांनी घाना. मुलीची अट एकच होती. "शी'ज माय ओन्ली फ्रेंड, ममा. डोन्ट मेक हर सॅड." या शाळेत ती नवी होती, आणि दुसरं कुणी तिच्याशी धड बोलतही नव्हतं.

माझा नवरा ग्रँड कॅनाल डॉकला सॉफ्टवेअरमध्ये आहे. रिकामा रकाना त्याला बघवत नाही. मुलगी रंगपेटी शोधेपर्यंत यानं लॅपटॉपवर अख्खा घाना उरकला. दक्षिणेला समुद्र, उत्तरेला गवताळ माळ, मधे धरणाचं अफाट पाणी. जमिनीत सोनं, झाडाला कोको. "कोको यांचा, आणि चॉकलेट विकून गब्बर होतात भलतेच. कच्चा माल बाहेर पाठवायचा म्हणजे निव्वळ बिनडोकपणा," तो म्हणाला. पुण्याच्या कॉलेजातून कच्चा निघून डब्लिनमध्ये पक्का झालेला माल माझ्यासमोर चहा पीत होता.

समस्यांचा रकाना तर त्यानं अगदी मन लावून भरला. वीज जाते, रस्ते तुंबतात, चिरीमिरीशिवाय कागद हलत नाही. वर 'घाना' लिहिलेलं नसतं तर मला माहेरच्या आठवणीनं गलबलून आलं असतं.

"अरे, शेजारी विचारू या ना," मी म्हटलं.

"उगाच त्यांना ऑकवर्ड होईल." ऑफिसात कुणी परस्पर भारतावर ज्ञान पाजळलं की हाच माणूस घरी येऊन भांडी आपटतो.

नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "इचाराले पैसे पडते काय बाप्पा?"

मैत्रीण मात्र रोज संध्याकाळी येऊन आमच्या ओट्याशी बसे आणि खुशाल विचारी. हे काय, ते कशाला. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या उत्तरादाखल शेंगदाण्याचा लाडू पुढे करत. पोर पेन बाजूला ठेवून उजवा हात पुढे करी. डाव्या हातानं घेतलं की घरी ओरडा बसतो म्हणे. "संस्कार हायेत लेकराले," सासूबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातानं लाडू उचलणाऱ्या नातीकडे बघून नजर माझ्यावर रोखली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही चार्ट शेजारी लागले होते. मैत्रीण आमचा वाचत वाचत समस्यांपाशी आली आणि थांबली. "माझी आजी तिथे राहते," एवढंच म्हणाली. माझ्या मुलीचा चेहरा खर्रकन उतरला.

मी मैत्रिणीच्या चार्टकडे वळले. भारताच्या समस्या काय लिहिल्यात ते बघून संतापायची माझी जय्यत तयारी होती. त्या रकान्यात एकच ओळ होती: 'आजी पुढच्या महिन्यात परत जाणार.'

मुलीनंही ती वाचली. मार्कर घेतला आणि बापाची सगळी मेहनत खोडून टाकली.

"अगं, खरं आहे ते सगळं!" नवरा म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

"तुझी आजी कधी येणार?" मुलीनं मैत्रिणीला विचारलं.

आजीला दोनदा व्हिसा नाकारला होता म्हणे. मुलीनं खोडलेल्या जागेखाली लिहिलं: 'हिच्या आजीला इथे येऊ देत नाहीत.'

"पण ही समस्या घानाची कुठे आहे?" नवरा पुटपुटला. चार्टच्या अख्ख्या भानगडीत तो पहिल्यांदा बरोबर बोलला होता.

काय लिहिलंय ते सासूबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी त्या पोरीला जवळ ओढलं. "सांग तिले, तिची आजी येतवरी मी हाय ना."

परतीच्या तिकिटाची आठवण करून द्यायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही.